तासगावच्या बेदाण्यातील रोमन राख

प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा आपल्याला अस्सल घरचा वाटतो. नाव मात्र फारसी : बे-दाणा, म्हणजे बी नसलेला. सांगलीतील तासगाव तालुक्यात प्रसिद्धीस आलेले ‘तास-ए-गणेश’ हे द्राक्षवाण ‘थॉम्पसन सीडलेस’मधून निवडलेले. थॉम्पसन हे कॅलिफोर्नियाचे बागायतदार, आणि त्यांनी १८७०च्या दशकात वाढवलेले मूळ वाण पश्चिम आशियातले!

खरी गंमत कृतीत आहे. द्राक्षे शेडमध्ये वाळत घालण्यापूर्वी पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’ यांच्या द्रावणात बुडवतात. सालीवरच्या मेणाचा अडसर दूर होतो आणि पाणी लवकर उडते. पहिल्या शतकातला रोमन कृषिलेखक कोलुमेला नेमके हेच सांगतो : वेलींच्या राखेचे पाणी उकळावे, त्यात थोडे उत्तम तेल घालावे आणि घड बुडवून काढावेत. राखेतला मुख्य विद्राव्य क्षार पोटॅशियम कार्बोनेटच. डिपिंग ऑइलमधले इथाइल ओलिएटही ओलिक आम्लापासून बनते, आणि ऑलिव्ह तेलात तेच आम्ल सर्वाधिक असते.

२०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाण परके, कृती परकी, मग मानांकन कशाचे? माझ्या मते ते रास्तच आहे. दुष्काळी पट्ट्यातली ती कोरडी हवा, जिने इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या छळले, तीच इथे द्राक्षे वाळवते.