नवमीची रात्र आणि डोणागिरीचा कडा

सिंहगडाची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस शोधूनही सापडावयाचा नाही. घोरपडीच्या कमरेला बांधलेला दोर, परतीचे दोर कापणारा सूर्याजी, आणि शेवटी महाराजांच्या तोंडचे ते वाक्य, एवढी सामग्री आपल्याला पाटी-पेन्सिलीबरोबरच मिळते. पंचाईत होते ती पुढे, थोडी कागदपत्रे चाळली म्हणजे. शिवाय बरोबर दहा वर्षांचा भाचा असला, तर ती पंचाईत दुप्पट होते.

मागे एका माघात मी मुद्दाम वद्य नवमी साधून गडावर गेलो. गड घेतला गेला तो शके १५९१ च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री. त्या रात्री उजेड किती असावा, हे मला डोळ्यांनी पाहावयाचे होते. पायथ्याच्या वाडीत ओळखीच्या घरी मुक्काम टाकला. रात्री जेवून अंगणात आलो, तो समोरचा डोंगर आहे की नाही याचीही खात्री पटेना. आकाश आणि कातळ एकच काळेभोर. मध्यरात्र उलटून बराच वेळ गेल्यावर आग्नेयेला अर्धामुर्धा चंद्र वर आला, तेव्हा कुठे गडाची कड उमटली.

आम्ही पहाटे चढू लागलो. वाट पुणे दरवाजाची, म्हणजे राजमार्गाचीच म्हणावयाची. तरीही भाच्याची बडबड दुसऱ्या वळणावरच थांबली. दम लागला की माणूस इतिहासाला फार आदराने वागवतो, असा माझा अनुभव आहे. वर पोहोचलो तेव्हा पूर्वेला तांबडे फुटले होते. देवटाक्याचे गार पाणी प्यालो आणि वाऱ्यात कुडकुडत उभे राहिलो. सूर्य वर आला तो पुरंदराच्या किंचित डाव्या अंगाने. त्याच पुरंदरच्या पायथ्याशी जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाशी तह झाला आणि महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हा कोंढाणाही गेला. देणे आणि परत घेणे, दोन्ही एका नजरेच्या टप्प्यात आहेत.

मग आम्ही गडाच्या पश्चिम अंगाला डोणागिरीच्या कड्यावर गेलो. आज त्याला तानाजी कडा म्हणतात. पूर्वेकडचे पठार उन्हाने पिवळे झाले होते, परंतु कड्याची भिंत अजून गारठलेल्या सावलीतच होती. उशिरा उगवणारा चंद्रही पूर्वेचाच. म्हणजे मध्यरात्रीपर्यंत सर्वत्र काळोख, आणि चंद्र वर आल्यावरही ही बाजू कितीतरी वेळ अंधारातच राहणार. माझ्या मते, तिथी आणि कडा दोन्ही निवडणाऱ्याला हा डोंगर हाताच्या रेषांइतका ठाऊक असला पाहिजे.

“मामा, घोरपड कुठून चढली?” भाच्याने खाली डोकावत विचारलेच. त्याचा सदरा घट्ट धरून मी त्याला सभासद सांगितला. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९७ मध्ये जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. म्हणजे घटनेनंतर अवघ्या २७ वर्षांनी. तिच्यात घोरपड नाही. ती येते शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून. सभासद म्हणतो की दोन निवडक मावळे वानरांसारखे कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ सोडली, आणि तानाजीसह ३०० माणूस वर आले. पुढे उदेभानाशी झुंजताना तानाजीची ढाल तुटली. दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली. दोघेही पडले. सूर्याजीने धीर धरून माणसे सावरली आणि गड घेतला.

भाचा थोडा वेळ गप्प होता. “म्हणजे ती दोन माणसंच घोरपडीसारखी चढली?” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. त्या दोघांची नावे मात्र सभासद देत नाही.

राहिला प्रश्न सिंहाचा. तानाजीमुळे कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण सर्रास सांगतो. परंतु एप्रिल १६६३ च्या महाराजांच्या एका पत्रात या गडाचे नाव सिंहगड असेच आले आहे, तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधी! सभासदाच्या बखरीत महाराज शोक करतात, पण तिथेही सिंह नाही. एक गड हाती आला आणि एक गड गेला, अशा अर्थाचे ते बोलतात. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीच्या नावाने ते दुसरे वाक्य घरोघर पोहोचले. मला विचाराल तर जुने बोलणेच अधिक जड वाटते. तेवीस किल्ले देऊन बसलेल्या राजाने एका माणसाला किल्ल्याच्या तोलाचे मानणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

गड सर झाल्यावर पागेच्या खणांना आग लावून राजगडाला खूण केली गेली. कड्यावरून नैर्ऋत्येला राजगडाचा बालेकिल्ला दिसतो, सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटरांवर. आग तिथे त्याच रात्री दिसली आणि गड आल्याचे कळले. तानाजी पडल्याचे वर्तमान घेऊन जासूद पोहोचला तो दुसऱ्या दिवशी.