कॉन्व्हेंट व खाजगी कन्याशिक्षण (पुणे जिल्हा)

पुणे जिल्ह्यातील मुलींच्या माध्यमिक शिक्षणाचा पाया प्रामुख्याने खाजगी संस्थांनी घातला. १८५४ च्या वुडच्या खलित्यात अनुदानपद्धतीची शिफारस होती. त्यामुळे मिशनरी व एतद्देशीय अशा दोन्ही प्रकारच्या संस्थांना सरकारी साहाय्याचा मार्ग खुला झाला. मात्र या शाळांचा लाभ कोणत्या मुलींना मिळावा, हे पुढे दीर्घकाळ भाषा, वंश व आर्थिक ऐपत यांवर ठरत राहिले.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तिच्यानंतर बारा वर्षांनी, १८६० मध्ये, ‘जीझस अँड मेरी’ या कॅथलिक संघाच्या धर्मभगिनींनी पुण्याच्या लष्कर भागात कॉन्व्हेंट स्थापन केले. हा संघ क्लोदीन तेव्हने यांनी १८१८ मध्ये फ्रान्समधील ल्याँ येथे स्थापिला होता. निराधार मुलींना आसरा देऊन अक्षरओळख व रेशीमकाम शिकविणे, हे त्याचे आरंभीचे कार्य. संघाच्या भगिनी १८४२ मध्ये आग्र्यास आल्या. गरिबांसाठी निघालेल्या या संघाचे नाव लष्करी छावणीत प्रतिष्ठितांच्या शिक्षणाशी जोडले जावे, हा इतिहासातील एक विपर्यासच म्हणावा लागेल. पुणे शहरात मराठी मुलींच्या उच्च शिक्षणाची वाट उघडली ती १८८४ च्या हुजूरपागेने.

स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमाचा प्रश्न तीव्र झाला. मुंबई सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी एक आदेश काढला. अँग्लो-इंडियन व आशियाई वंशाचे नसलेले नागरिक वगळता इतर मुलांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत नव्याने प्रवेश देण्यास त्याने मनाई केली. देवळालीचे बार्न्स हायस्कूल चालविणारी बाँबे एज्युकेशन सोसायटी व काही भारतीय पालक न्यायालयात गेले. बार्न्स ही कॅथलिक शाळा नव्हती. तथापि निकालाचा परिणाम सर्व कॉन्व्हेंटांवर होणार होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात संविधानाच्या अनुच्छेद २९(२) च्या आधारे हा आदेश रद्द ठरविला. केवळ भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे त्यानंतर कायद्याने शक्य राहिले नाही. शुल्काचा अडसर मात्र कायम राहिला.

बारामती व इंदापूर या अवर्षणप्रवण तालुक्यांत खाजगी शिक्षण वेगळ्या वाटेने वाढले. नीरा डाव्या कालव्यामुळे ऊस आला व उसामागून साखर कारखाने आले. या नव्या संपत्तीने शिक्षणसंस्थांना आधार दिला. बारामतीत महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची शाळा १९११ पासून होती. सेवासदनात शिकलेल्या शारदाबाई पवार १९३८ मध्ये जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या; माळेगावनजीकचे शारदानगर हे मुलींच्या शिक्षणाचे केंद्र त्यांचे नाव धारण करते. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय (१९६२) व विद्या प्रतिष्ठान (१९७२) या संस्थांमुळे मुलींना पुण्यास न जाता पुढे शिकण्याची सोय झाली. वसतिगृहाचा खर्च टळणे ही शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने लहान बाब नव्हती.

स्वयंअर्थसहाय्यित शाळांसंबंधीच्या २०१२ च्या राज्य अधिनियमानंतर अनुदानाविना शाळा काढणे सुलभ झाले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखून ठेवल्या. परंतु २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नसल्याचे ठरविले. त्यामुळे कॉन्व्हेंटमध्ये गरीब मुलीला प्रवेश देणे हे संस्थेच्या स्वेच्छेवर अवलंबून आहे.