त्रिरश्मीवरची औषधाची ठेव



वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात देणगीदारांची यादी असते, कार्यकारिणीचे फोटो असतात, शुभेच्छा असतात. ते सगळं हवंच. पण देणगी कशासाठी द्यायची याचा एक फार जुना धडा आपल्याच जिल्ह्यात दगडावर कोरून ठेवलेला आहे. तो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेला नाही. म्हणून या लेखाची सुरुवात तिथूनच करतो.

नाशिकला गेलो की आपण त्रिरश्मी लेण्यांना जातो. लोक तिला पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिच्याशी काही संबंध नाही. तिथल्या दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षाचा एक शिलालेख आहे. काळ इसवी सनाचे तिसरे शतक. लेख एका बाईच्या दानाचा आहे. तिचं नाव विष्णुदत्ता. शक अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची पत्नी, विश्ववर्म्याची आई, आणि स्वतः उपासिका. या बाईने त्यावेळच्या गोवर्धन गावातील कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेत पतपेढ्यांकडे, कार्षापणं ठेव म्हणून ठेवली. त्यात पाण्याची यंत्रं बनवणारे होते, तेल गाळणारे तेली होते. ठेव कायमची. मुद्दल मोडायचं नाही. व्याजातून त्रिरश्मी विहारात राहणाऱ्या भिक्षूंपैकी जो आजारी पडेल त्याच्या औषधाचा खर्च करायचा.

विचार करा. सतराशे वर्षांपूर्वी एका उपासिकेने विहाराला सोन्याचा कळस दिला नाही, औषधाचा फंड दिला.

वैद्यकी आपल्याला परकी नव्हती

हा योगायोग नव्हे, ही धम्माची शिकवण आहे. विनयपिटकात गोष्ट आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्षू आपल्याच घाणीत पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग भिक्षुसंघाला बोलावून सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. नर्सिंग म्हणजे हलकं काम असं जे आपल्या समाजात अजून कुणी कुणी मानतात, त्यांनी ही गोष्ट आठवावी.

त्याच ग्रंथात जीवकाची कथा आहे. राजगृहाच्या एका गणिकेचं हे मूल, जन्मताच उकिरड्यावर टाकलेलं. राजपुत्र अभयाने उचलून वाढवलं. हा पोरगा मोठा होऊन तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे वैद्यकी शिकला. शेवटी गुरूने परीक्षा घेतली: तक्षशिलेच्या भोवती एक योजन फीर आणि जे औषध नाही असं झाड घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परत आला, कारण तसं झाडच सापडलं नाही. गुरूने त्याला पास केलं. पुढे तो बिंबिसार राजाचा आणि खुद्द तथागतांचा वैद्य झाला. तक्षशिलेत त्याला कुळ कोणी विचारलं नाही.

सम्राट अशोकाने गिरनारला कोरलेल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि जनावरांची अशी दोन्हींची चिकित्सा आपल्या राज्यात सुरू केल्याचं नमूद आहे. आणि फार लांब कशाला? आपल्या तालुक्याच्या पूर्वेला, चाळीसगाव-कन्नडकडच्या सातमाळा डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. त्यातल्या दात्यांच्या लेखांत मगिल नावाच्या राजवैद्याचं कुटुंब आहे. त्याचा मुलगा दत्तक आणि मुलगी दत्ता यांनीही दान दिलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात एक वैद्य कुटुंब धम्माचं उपासक होतं, एवढं तरी त्यावरून समजतं.

मधली काळी पानं

मग असं काय झालं की याच मुलखात आपली माणसं वैद्याच्या ओट्यावर चढू शकत नव्हती?

वैद्यकी ही स्पर्शाची विद्या आहे. नाडी धरल्याशिवाय वैद्य नाही. आणि अस्पृश्यतेने नेमका स्पर्शच बंद केला. एक दाखला डॉ. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या लिखाणात नोंदवलेला आहे. १९२९ च्या डिसेंबर महिन्यात 'यंग इंडिया' पत्रात तो छापून आला होता. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावच्या शेटजीने रदबदली केली तेव्हा तो वस्तीबाहेर आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. परत येताना त्याच वाटेने. डॉक्टरने बाईला हात लावला नाही. बाई गेली. तिचा नवरा दोन रुपये फी देऊन बसला होता.

गंमत अशी, की बाळाची नाळ कापायला मात्र गावोगाव आपल्याच वस्तीतली सुईण लागायची. जन्माचा विटाळ असलेलं काम म्हणून ते खालच्या मानलेल्या जातींच्या बायांकडे ढकललेलं. उभ्या गावाची बाळंतपणं जिच्या हातून पार पडली, तिला ओसरीच्या आत यायला बंदी. कला तिच्याजवळ होती, पण तिला ना सर्टिफिकेट, ना पगार, ना मान. एखादी पायली धान्य आणि जुनं लुगडं, संपला विषय.

सत्यशोधकांनी या अंधारात दिवा लावला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत याला बोलावून हडपसरजवळ दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर टाकून आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीच निघालं होतं. पण महारवाड्यातलं पोर डॉक्टरच्या हाताला लागायला आणखी बावन्न वर्षं गेली, आणि ते पोर स्वतः डॉक्टर व्हायला त्याहून जास्त.

येवला, मनमाड आणि संविधान

आपल्या शेजारच्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यानंतर १२ व १३ फेब्रुवारी १९३८ ला ते आपल्याच तालुक्यात, मनमाडला आले. जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद होती. तिथे त्यांनी सांगितलं की ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत. अस्पृश्याला रेल्वेत पोर्टर म्हणून सुद्धा घेत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागतं, हा मुद्दा त्यांनी मांडला. म्हणजे तिथेही अडलं ते स्पर्शापाशीच.

स्वतः बाबासाहेबांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणी गेली. घरात आजारपण म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

संविधान आलं १९५० साली. पुढच्याच वर्षी मद्रास प्रांतातील मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या जागांवाटपाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि जातवार जागांचा हुकूम रद्द झाला. त्यानंतर १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५ मध्ये चौथा उपखंड आला. त्यावेळी कायदामंत्री बाबासाहेब होते. शिक्षणातल्या राखीव जागा ज्या कलमावर उभ्या राहिल्या, त्याला निमित्त झालं मेडिकल कॉलेजच्या जागेचं. आपल्या पोरांनी हे लक्षात ठेवावं.

पण आपली अडचण इथेच संपली नाही. १९५६ ला आपण बौद्ध झालो, आणि केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो. १९६० ला महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने मात्र १९९० साल उजाडेपर्यंत वाट पाहायला लावली. आणि मेडिकलच्या अखिल भारतीय कोट्यातल्या पंधरा टक्के जागांवर अनुसूचित जातींना आरक्षण मिळायला २००७ साल लागलं.

विद्यापीठ नाशिकला आलं

पूर्वी वैद्यकीय कॉलेजं त्या त्या भागातल्या विद्यापीठाला जोडलेली असत. आपला जिल्हा पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात. सरकारी मेडिकल म्हटलं की पुण्याचं बी. जे., मुंबईचं ग्रँट, नाहीतर औरंगाबादचं १९५६ सालचं कॉलेज. धुळ्याचं सरकारी कॉलेज निघालं ते १९८९ ला.

जून १९९८ मध्ये राज्य सरकारने महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन केलं, आणि मुख्यालय दिलं नाशिकला, दिंडोरी रोडवर म्हसरूळला. साऱ्या राज्यातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी कॉलेजं एका छताखाली आली. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, पदवी एक. मुंबईच्या कॉलेजात शिकलेला आणि धुळ्याला शिकलेला, दोघांच्या पदवीवर शिक्का नाशिकचा. नांदगाव स्टेशनवर गाडीत बसलं की नाशिकरोड सुमारे शंभर किलोमीटर. तरी आपल्या वस्तीत विचारा, विद्यापीठ कुठं आहे? बऱ्याच जणांना फक्त सिव्हिल हॉस्पिटल माहीत असतं.

डॉक्टर म्हणजे फक्त एम.बी.बी.एस. असं आपण धरून चालतो. एका जागेसाठी पोरगं दोन-तीन वर्षं 'नीट' देत बसतं, निराश होतं आणि शेवटी बी.ए.ला जातं. त्याला कोणी सांगत नाही की बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं आहे, फिजिओथेरपी आहे, ऑक्युपेशनल थेरपी आहे, बी.ए.एम.एस. आहे. कोरोनाच्या साथीत वॉर्डात रात्र-रात्र उभं कोण होतं ते आपण बघितलं. नर्स होती, वॉर्डबॉय होता, वस्तीत फिरणारी आशाताई होती.

प्रवेश पूर्वी बारावीच्या मार्कांवर होत. मग राज्याची सीईटी आली, आणि आता देशभर 'नीट'. २०१७ पासून 'नीट' मराठीतूनही देता येते, पण कॉलेजात गेल्यावर पुस्तक इंग्रजीच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेलेल्या पोराचं पहिलं वर्ष शरीररचनेपेक्षा इंग्रजीशीच झुंजण्यात जातं. शिवाय कागदपत्रं. शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' लिहिलेलं, आजोबांच्या नोंदीत 'महार'. राज्याच्या प्रवेशाला एक नमुना, केंद्राच्या प्रवेशाला दुसरा, त्यात मूळ जातीचा उल्लेख लागतो. वर जात पडताळणी. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात बाप तहसीलच्या पायऱ्या झिजवतो आणि मुलगी घरी रडत बसते. हे काम दहावी झाल्या झाल्या करून ठेवायचं असतं.

आणि आत गेल्यावर सगळं सुरळीत असतं असंही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये जातीय भेदभाव होतो, असा अहवाल २००७ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिला. २०१९ च्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्याची आदिवासी मुलगी डॉ. पायल तडवी हिने मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेताना आत्महत्या केली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळलं अशी घरच्यांची तक्रार होती आणि प्रकरण कोर्टात गेलं. दार उघडलं म्हणजे आतली सगळी माणसं उठून जागा देतात असं नाही. म्हणून शिकायला गेलेल्या लेकराच्या पाठीशी गावाकडचा एक फोन, एक माणूस कायम हवा.

आता आपण काय करायचं

विष्णुदत्तेने काय केलं ते पुन्हा आठवा. तिने एकदाच पैसे वाटून टाकले नाहीत. मुद्दल ठेवलं आणि व्याज कामाला लावलं. पैसे ठेवले ते पाण्याची यंत्रं बनवणाऱ्यांकडे, तेल्यांकडे, म्हणजे कष्टकऱ्यांकडे.

आपल्या विहाराने तेच करावं अशी माझी नम्र सूचना आहे. दर पौर्णिमेला येणाऱ्या दानातला काही भाग वेगळा काढून बँकेत कायम ठेव करावी. तिच्या व्याजातून वस्तीतल्या एका मुलामुलीचा फॉर्म, पुस्तकं, नाशिकला जायचं-यायचं भाडं निघावं. रविवारी वंदनेनंतर एक तास कागदपत्रांसाठी ठेवावा. ज्यांची मुलं नर्स झाली, डॉक्टर झाली, त्यांनी वर्षातून दोनदा विहारात येऊन दहावी-बारावीच्या पोरांशी बोलावं. आणि जी शिकून मोठी झाली, त्यांनी आठवड्यातला एखादा दिवस नांदगाव-मनमाडच्या माणसाची नाडी धरायला द्यावा.

उकिरड्यावरचं पोर तथागतांचा वैद्य झालं. ओसरीबाहेर बसणाऱ्या सुईणीची पणती नाशिकच्या विद्यापीठाचा शिक्का असलेली पदवी घेऊन येऊ शकते. तिच्या हातात थर्मामीटर असेल आणि ते ती कुणाच्याही काखेत स्वतःच्या हाताने लावील.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!