देवळाचे छप्पर आणि वाऱ्याची वाट

जीर्णोद्धार म्हणजे केवळ जुने उतरवून नवे चढविणे नव्हे. जुन्यात जे शहाणपण होते ते ओळखून नव्यात राखणे, हाही जीर्णोद्धारच होय. देवळाच्या छपराच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागते.

कोकणातील अनेक देवळे पूर्वी गवताने शाकारलेली असत. पुढे गावच्या कुंभाराने चाकावर घडविलेली नळीची कौले आली. या कौलांच्या फटींतून समईची काजळी, धुपाचा धूर आणि उत्सवाच्या रात्री सभामंडपात दाटलेल्या माणसांची ऊब आपोआप वर निघून जाई. मात्र माकडांनी कौले हलविली की गळती ठरलेलीच. सबब दरवर्षी मृगापूर्वी कौले चाळावी लागत. घाटावर माळवदाच्या घरांना याच कारणासाठी सवणे ठेवीत.

सन १८६५ मध्ये बासेल मिशनचे जर्मन मिशनरी गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. नेत्रावतीकाठची माती, यंत्राचा दाब आणि एकमेकांत बसणाऱ्या खाचा, यांमुळे ही कौले मजबूत झाली. जलमार्गाने ती मुंबईपर्यंत पोहोचली व 'मंगलोरी' याच नावाने घरोघरी रूढ झाली. गळती कमी झाली, चाळण्याचा खर्च वाचला. तथापि फटीही कमी झाल्या. म्हणूनच उजेडासाठी काचेची व हवेसाठी तोंड ठेवलेली खास कौलेही बनू लागली.

पुढे पत्रा, स्लॅब आणि कौलांखालची तक्तपोशी आली. छप्पर बंद झाले, पण खालची माणसे, समया आणि ओलावा पूर्वीइतकेच राहिले. गरम हवा वर चढते. तिला वाट नसेल तर ती आढ्याखाली कोंडते. थंडीच्या पहाटे गार पत्र्याला आतली वाफ लागून थेंब धरतात व ते लाकडावर पडतात. लाकडात ओलावा शेकडा २० च्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते व लाकूड कुजू लागते. वरून रंग शाबूत दिसतो. आत वाशाची टोके भुसभुशीत झालेली असतात. गावाने पै-पै जमवून घेतलेले सागवान अशा रीतीने अल्पावधीत वाया जाते.

यावरील उपाय अवघड नाही. वारा आत येण्यास खाली वळचणीशी व बाहेर जाण्यास वर आढ्याजवळ, अशी दोन्ही ठिकाणी वाट हवी. केवळ एकीकडे भोक ठेवून भागत नाही. समोरासमोरच्या त्रिकोणी भिंतींत झरोके ठेवावेत, त्यांवर पावसाची झड अडविणारी पुढे आलेली पट्टी असावी व पारवे-वटवाघळे शिरू नयेत म्हणून जाळी लावावी. तक्तपोशी केल्यास तिच्या वरच्या पोकळीलाही हवा मिळाली पाहिजे. हे सर्व काम छप्पर उघडे असतानाच स्वस्तात होते. मागाहून फोडाफोड करावी लागते.

खांबावर, पायरीवर, घंटेवर दात्यांची नावे कोरली जातात आणि ते योग्यच आहे. झरोक्यावर कोणाचेच नाव नसते. पण ज्या खांबांवर नावे आहेत, त्यांच्या माथ्यावरचे लाकूड पुढच्या पिढीपर्यंत टिकते ते त्या झरोक्यामुळेच!