गळपट्ट्याचे कांटे

आजच्या भाषणाचा विषय कुत्र्याच्या गळ्यांतील पट्टा हा आहे, हें ऐकून आपल्यापैकीं कांहींजण रेडिओचें बटण फिरवावयास हात पुढें करतील. क्षणभर थांबावें, एवढी विनंती आहे. चौतीस वर्षें शाळेंत इतिहास शिकविलेल्या एका शिक्षकाला त्याच्या नातवानें एका प्रश्नासरशीं निरुत्तर केलें, आणि त्या फजितींतून हें भाषण निघालें आहे.

गेल्या वर्षीं माझ्या मुलानें घरीं एक कुत्रा आणला. वय दीड वर्षाचें, अंगानें दांडगा. फिरावयास नेला कीं तो धरणाराला फरफटत नेई. सूनबाई दोनदां पडतां पडतां वांचल्या. तेव्हां बाजारांतून एक पोलादी पट्टा आला. पट्टा कसला, कड्यांची माळच ती. आणि प्रत्येक कडीला दोन दोन दांते, तेही मानेकडे वळलेले. नातवानें तो हातांत घेऊन विचारलें, "आजोबा, ह्याचे कांटे आंत कां? ते बाहेर हवेत ना?" मी हंसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न पोराचा असला तरी खरा इतिहासाचा होता.

कारण कांटे बाहेर असलेले पट्टे मीं स्वतः पाहिलेले होते. हिमाचलांत यात्रेला गेलों असतां गद्दी धनगरांच्या कळपाबरोबर चालणारे झुबकेदार केसांचे कुत्रे दिसले. त्यांच्या गळ्यांत लोखंडाचे कांटेरी पट्टे होते. बिबट्या झडप घालतो ती मानेवर. त्याच्या जबड्याला मांसाऐवजीं लोखंड लागावें, ही त्यांतील योजना. स्पेनमध्यें अशा पट्ट्याला 'कार्लांका' म्हणतात, आणि तुर्कस्तानांतील कंगाल जातीचे कुत्रे लांडग्यांशीं गांठ पडण्याच्या मुलखांत असेच पट्टे घालून हिंडतात.

ह्या पट्ट्याचें जुनें व नेमकें वर्णन वारो नामक रोमन पंडितानें करून ठेविलें आहे. इसवी सनापूर्वीं ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, त्यानें शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत मेंढरें राखणाऱ्या कुत्र्यांचें प्रकरण आहे. तो सांगतो कीं, कुत्र्याच्या गळ्यांत जाड कातड्याचा, डोकीं असलेले खिळे ठोकलेला पट्टा घालावा; ह्याला 'मेलियम' म्हणत. मात्र खिळ्यांच्या डोक्यांखालीं, आंतील बाजूस, मऊ कातडें शिवावें. नाहींतर लोखंडाचा कठीणपणा मानेला बाधेल. पुढें तो आणखी एक मौजेची गोष्ट लिहितो. ह्या पट्ट्यानें लांडगा एकदां घायाळ झाला, म्हणजे ज्यांच्या गळ्यांत पट्टा नाहीं ते कुत्रेही निर्भय होतात! दोन हजार वर्षांपूर्वींच्या ह्या म्हाताऱ्याला खिळ्याचीं दोन्हीं टोकें दिसत होतीं, ह्याचें मला मोठें कौतुक वाटतें.

त्याहून जुना दाखला मिसर देशाचा. १८९९ सालीं राजांच्या खोऱ्यांत मैहरप्री नांवाच्या एका सरदाराची कबर उघडली. तींत कुत्र्याचे दोन सुरेख चामडी पट्टे मिळाले, आणि एकावर कुत्र्याचें नांवही कोरलेलें होतें. इंग्लंडांत केंट परगण्यांतील लीड्स किल्ल्यांत तर केवळ श्वानपट्ट्यांचेंच एक संग्रहालय आहे.

मग कांटे आंत कसे वळले? हें वळण एका दिवसांत झालें नाहीं. युरोपांत ठिकठिकाणीं लांडगे हटले आणि बंदुकीची शिकार वाढली. आतां कुत्र्यानें लांडग्याशीं झुंजावयाचें नव्हतें. पक्षी दिसला कीं जागच्या जागीं स्तब्ध उभें राहावयाचें होतें, आणि पडलेला पक्षी दांत न लावतां आणून द्यावयाचा होता. कुत्र्याच्या स्वभावाला हें सर्व उलटें. इंग्रज शिकाऱ्यांनीं ह्या शिक्षणाला जो शब्द योजला तो 'मोडणें' असा होता! हचिन्सन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याचें १८४८ सालचें पुस्तक ह्याच नांवाचें आहे. तो स्वतः मात्र चाबकापेक्षां धीरानें काम घ्यावें ह्या मताचा होता. पुढें अमेरिकेंत हॅमंड नांवाच्या शिकाऱ्यानें आपल्या पुस्तकाच्या नांवांतच 'शिकविणें विरुद्ध मोडणें' असा सामना लावून दिला. परंतु असे लोक थोडे. जर्मनींत तर आंतून कांटे असलेल्या पट्ट्याला 'कोराले' असें खास नांव पडलें, आणि तो शिकारी कुत्र्यांच्या शिक्षणाचें नित्याचें हत्यार झाला.

ह्या रूढीला शास्त्राचें रूप देणारा मनुष्य म्हणजे कोन्राड मोस्ट. सारब्रुकेन येथील पोलीस खात्यांत १९०६ पासून त्यानें कुत्रे शिकविले व १९१० सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें असें कीं, कुत्र्याला आपले शब्द, आपली नीति कांहीं कळत नाहीं. त्याला कळतो तो फक्त क्रम. कृति आणि तिच्या पाठोपाठ येणारें सुख किंवा दुःख ह्यांत क्षणाचेंही अंतर पडतां कामा नये. स्किनरचा प्रसिद्ध ग्रंथ १९३८ चा; त्याच्या अठ्ठावीस वर्षें आधीं एका पोलीस अधिकाऱ्यानें हें ताडलें होतें. मात्र मोस्टच्या पद्धतींत बक्षिसाबरोबर सक्तीही भरपूर होती, आणि कांटेरी पट्टा तिचें साधन होता.

आतां ह्या पट्ट्याचा कैवार घेणारे शिक्षक काय सांगतात, तेंही न्यायानें ऐकलें पाहिजे. त्यांच्या मतें साधा पट्टा ओढला कीं सारा दाब श्वासनलिकेवर येतो. ह्यांत तो मानेभोंवतीं वांटला जातो, आणि मागील आंखूड साखळीमुळें पट्टा ठराविक मर्यादेपलीकडे आवळत नाहीं. तो कानांच्या अगदीं मागें, उंच व घट्टसर बसला पाहिजे. सैल होऊन खालीं लोंबला कीं काम बिघडलें. दांत्यांचीं टोकें बोथटच असावींत. तो डोक्यावरून ओढून घालूं नये, एक कडी सोडवून घालावा आणि तशीच सोडवून काढावा. जोडीला दुसरा साधा पट्टा असावा, कारण कडी निसटते. पिल्लाला तो घालूं नये. तो घालून कुत्रा बांधून ठेवूं नये. आणि दोरीला सारखा ताण ठेवूं नये, हलकासा इशारा देऊन हात लगेच ढिला सोडावा.

आमच्या घरीं ह्यांतील एकही नियम पाळला गेला नाहीं. पट्टा डोक्यावरून कोंबला, तो छातीशीं लोंबत राहिला, आणि ओढण्याचा सल्ला कोणी दिला? ह्या इतिहासाच्या शिक्षकानें. "सूनबाई, जरा जोरानें हिसका द्या, समजेल त्याला," असें मीच म्हणालों. रोज सकाळीं दूधवाला दिसला कीं कुत्रा आनंदानें त्याच्याकडे झेपावे आणि त्याच क्षणीं मानेला कांटे रुतत. तीन आठवड्यांनीं तो दूधवाल्याला पाहून गुरगुरूं लागला. मोस्टचा क्रमाचा नियम अगदीं बरोबर ठरला होता. फक्त कुत्र्यानें धडा निराळा घेतला होता. आम्हांला वाटलें, 'ओढूं नये' हें तो शिकेल. तो शिकला कीं दूधवाला आला म्हणजे मान दुखते.

श्रोतेहो, येथें मला माझी छडी आठवली. सनावळी चुकली कीं मी हातावर मारीत असें. त्या मुलांपैकीं एक आतां पन्नाशीला आला आहे. त्याला सनावळी आठवत असेल असें मला वाटत नाहीं. पण रस्त्यांत मी दिसलों कीं तो अजून पलीकडच्या बाजूनें जातो.

पट्ट्याचा इतिहास मात्र येथें थांबत नाहीं. ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड ह्या देशांनीं ह्या पट्ट्याला बंदी केली. आणि ज्या जर्मनींत मोस्टनें ग्रंथ लिहिला, त्याच जर्मनींत १ जानेवारी २०२२ पासून कुत्र्याच्या शिक्षणांत कांटेरी पट्टे व इतर वेदनादायक साधनें वापरणें बेकायदा ठरलें. तेथील पोलिसांनाही आपल्या कुत्र्यांच्या शिक्षणाची अडचण पडली. आपल्याकडील १९६० च्या कायद्यांत प्राण्याला अनावश्यक वेदना देणें हा गुन्हा आहे. 'अनावश्यक' ह्या शब्दाचा अर्थ मात्र ज्याच्या हातांत दोरी त्यानेंच बहुधा लावावयाचा असतो.

आमचा पट्टा आतां माझ्या मेजाच्या खणांत आहे. कुत्र्यानें ओढलें कीं आम्ही झाडासारखे उभे राहतों. दोरी सैल झाली कीं चालूं लागतों, आणि तो पायाशीं येऊन चालला तर नातू खिशांतून त्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा देतो. ह्याला सहा महिने लागले. सूनबाई आतां एका हातानें त्याला नेतात. दूधवाला मात्र अजून फाटकाबाहेरूनच हांक मारतो.