दैनंदिन श्रमातील मूक उपासना : केडगावच्या मुक्तिसदनाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन (१८८३ ते १९२२)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती जीवनाचा इतिहास प्रामुख्याने धर्मांतरे, त्यांतून उद्भवलेले सार्वजनिक वाद आणि मिशन संस्थांचे शैक्षणिक-वैद्यकीय कार्य या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या चरित्राची मांडणीही याच चौकटीत झालेली दिसते. १८८३ मधील त्यांचा बाप्तिस्मा, १८९३ मधील शारदा सदनाचा वाद आणि १९०५ मधील केडगावचे धार्मिक संजीवन या घटनांवर विपुल लेखन उपलब्ध आहे. परंतु या घटनांच्या दरम्यान जे रोजचे जीवन चालू होते, त्या दळण-कांडणात, रुग्णशुश्रूषेत, शेतीत आणि छापखान्यातील खिळे जुळविण्याच्या कामात उपासनेचा जो एक अर्थ घडत गेला, त्याकडे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे.

प्रस्तुत निबंधात या रोजच्या, गाजावाजा नसलेल्या व त्यागमय उपासनेचे स्वरूप मुक्तिसदनाच्या संदर्भात तपासले आहे. त्याचबरोबर, ज्या स्त्रियांच्या श्रमावर ही उपासना उभी होती त्यांचा स्वतःचा आवाज इतिहासात कितपत उरला आहे, या प्रश्नाचाही विचार केला आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

ख्रिस्ती परंपरेत उपासना म्हणजे केवळ मंदिरातील सामुदायिक प्रार्थना नव्हे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने स्वतःचे शरीर हाच जिवंत यज्ञ मानावा असा विचार मांडला आहे. यज्ञाची वेदी, पशू आणि पुरोहित यांच्या जागी माणसाचे रोजचे आचरण येते, हा त्यातील महत्त्वाचा बदल होय. मत्तयाच्या शुभवर्तमानात दान, प्रार्थना आणि उपवास गुप्तपणे करण्याची शिकवण आहे. तर मार्काच्या शुभवर्तमानातील दोन दमड्या टाकणारी विधवा ही अल्प परंतु संपूर्ण अर्पणाचे उदाहरण ठरली आहे.

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मठातील साधी अवजारे व भांडीही वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे हाताळावीत असे सांगितले आहे. सतराव्या शतकात पॅरिसमधील कार्मेल मठाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या ब्रदर लॉरेन्स यांनी भांड्यांच्या खडखडाटातही ईश्वराचे सान्निध्य अनुभवता येते, हा विचार आपल्या आचरणातून मांडला. या दीर्घ परंपरेत श्रम आणि प्रार्थना यांतील भिंत पातळ होत गेलेली दिसते.

मराठी वाचकाला हा विचार अपरिचित नाही. वारकरी संतांनी आपापल्या व्यवसायातच विठ्ठल पाहिला आणि जनाबाईंच्या जात्याशी भक्तीचे नाते जोडले गेले. तथापि दोन्ही परंपरांची तत्त्वज्ञाने भिन्न असल्याने हे साम्य सूचक मानावे, समीकरण मानू नये.

वाँटेज आणि फुलहॅम

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागील कारणांविषयी अनेक तर्क झाले आहेत. स्वतः रमाबाईंनी १९०७ मधील आपल्या आत्मनिवेदनात ज्या अनुभवाला महत्त्व दिले, तो प्रवचनाचा किंवा वादविवादाचा नव्हता. फुलहॅम येथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची भगिनीसंघातील सेविका जी सेवा करीत होत्या, ती पाहून त्यांचे मन हलले. ज्यांचा स्पर्शही टाळला जातो अशा स्त्रियांची शुश्रूषा कोणी धर्मबुद्धीने करू शकते, हे त्यांनी तेथे पाहिले. आणि त्यामागील प्रेरणेचा शोध त्यांना शोमरोनी स्त्रीच्या कथेपर्यंत घेऊन गेला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सेवेचा हा आदर्श स्वीकारताना रमाबाईंनी संघाची आज्ञाधारकता मात्र स्वीकारली नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. धर्ममतांवरील स्वतंत्र विचार, शाकाहाराचा आग्रह आणि क्रूसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत ही इच्छा या पत्रांतून स्पष्ट दिसते. त्याग म्हणजे विवेकाचे विसर्जन नव्हे, अशी त्यांची धारणा होती. पुढे केडगावी उभ्या राहिलेल्या जीवनक्रमाचे एक मूळ या धारणेत आहे.

उघडे दार : शारदा सदनाचा वाद

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाची स्थापना झाली आणि १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. उच्चवर्णीय विधवांसाठी असलेल्या या संस्थेला अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचे आर्थिक साहाय्य होते. संस्थेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे धोरण होते. न्यायमूर्ती रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळात होते.

रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह नित्य प्रार्थना व शास्त्रवाचन करीत. खोलीचे दार त्या बंद करीत नसत. सदनातील काही मुली तेथे येऊन बसू लागल्या आणि हेच उघडे दार वादाचे कारण झाले. ‘केसरी’ने सदनावर कठोर टीका केली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

या प्रसंगाचा विचार बहुधा सुधारक विरुद्ध सनातनी किंवा हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा केला जातो. परंतु उपासनेच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. मूक उपासना ही खरोखर निव्वळ खाजगी असते काय? रमाबाईंचा दावा असा की, त्या कोणाला बोलावीत नव्हत्या, पण येणाऱ्याला हाकलणेही त्यांना मान्य नव्हते. धर्मस्वातंत्र्य त्यांना होते तसे मुलींनाही होते. टीकाकारांचे म्हणणे असे की, आश्रयदात्रीचे आचरण हेच आश्रित मुलींसाठी आमंत्रण ठरते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. शांतपणे केलेली उपासनाही पाहणाऱ्यावर परिणाम करते आणि पाहणारी व्यक्ती अवलंबित असेल तर तो परिणाम अधिक गंभीर होतो. निष्पक्ष इतिहासलेखनाला हा पेच टाळता येत नाही.

दुष्काळ आणि केडगाव

पुण्यापासून रेल्वेने जाण्याजोग्या केडगाव येथे रमाबाईंनी जमीन घेऊन फळबागेचा प्रारंभ केला होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. सुमारे दोन दशकांपूर्वीच्या दुष्काळात त्यांनी स्वतःचे आईवडील गमावले होते. त्यामुळे भुकेचा अनुभव त्यांच्यासाठी वर्तमानपत्रातील वार्ता नव्हती. तेथून आणलेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना, पुण्यातील प्लेगच्या निर्बंधांमुळे, केडगावच्या माळावर आश्रय द्यावा लागला. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली.

शारदा सदन आणि मुक्तिसदन यांत मूलभूत फरक होता. पहिले उच्चवर्णीयांसाठी होते. दुसऱ्यात जातीची अट नव्हती. पहिल्यात धर्माविषयी मौनाचे बंधन होते. दुसरे उघडपणे ख्रिस्ती होते. तरीही मुक्तिसदनातील दिवसाचा मोठा भाग प्रवचनाने नव्हे, तर श्रमाने व्यापलेला असे. विहिरी खणणे, शेती, दूधदुभते, दळण, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा अशी कामे तेथे चालत. संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व दुर्बलांसाठी प्रीतिसदन आणि अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. मनोरमेने अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम हाती घेतले.

दुष्काळातून आलेल्या मुलींपैकी अनेकजणी आजारी व अत्यंत कृश होत्या. त्यांना न्हाऊमाखू घालणे, जखमा धुणे, मळ काढणे ही कामे रोज करावी लागत. भारतीय समाजव्यवस्थेत अशी कामे विशिष्ट जातींवर लादली गेली होती. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या रमाबाईंच्या संस्थेत ती सर्वांनी वाटून घेण्याचे काम ठरली, ही बाब सामाजिक दृष्ट्या महत्त्वाची आहे. येथे सेवेतील त्याग केवळ सुखाचा नव्हता. जन्माने मिळालेल्या शुचितेच्या अधिकाराचाही होता.

अशा उपासनेचा अर्थ अन्यायापुढे गप्प राहणे असाही नव्हता. १८९७ मध्ये पुण्यातील सरकारी प्लेग व्यवस्थेत स्त्रियांची जी दुर्दशा झाली, तिच्यावर रमाबाईंनी पत्र प्रसिद्ध करून उघड टीका केली. आपल्या सेवेविषयी मौन आणि दुसऱ्याच्या दुःखाविषयी वाचा, असा हा भेद होता.

संजीवन आणि छापखाना

१९०५ च्या जूनअखेरीस मुक्तिसदनात धार्मिक संजीवनाची लाट आली. शेकडो मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या. मिनी अब्राम्स यांच्या लेखनामुळे ही घटना पाश्चात्त्य देशांत पोहोचली आणि जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव नोंदले गेले.

याच काळात त्याच आवारात दुसरे एक काम शांतपणे सुरू होते. प्रचलित मराठी बायबलची भाषा सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला कठीण जाते, असे रमाबाईंचे मत होते. त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून मूळ ग्रंथांवरून स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. उतारवयात, बहिरेपणा वाढत असताना, संस्थेचा सर्व भार सांभाळून त्यांनी या कामाला आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे दिली. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छपाई आणि बांधणी ही कामे मुक्तिसदनातील स्त्रियांनी केली. ज्या मुलींना एकेकाळी अक्षरओळखही नव्हती, त्यांच्यापैकी काहींच्या हातून एका संपूर्ण ग्रंथाचे मुद्रण झाले. जुलै १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा मृत्यू झाला, तेव्हा भाषांतर पूर्णत्वास गेले होते. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

संजीवनाची बातमी काही महिन्यांत जगभर गेली. अठरा वर्षांच्या खिळेजुळणीची बातमी झाली नाही. इतिहासाची साधने ज्या गोष्टी टिपतात आणि ज्या टिपत नाहीत, त्यांतील अंतर या उदाहरणातून दिसते.

साधनांच्या मर्यादा आणि एक मूलभूत प्रश्न

मुक्तिसदनाची माहिती मुख्यतः संस्थेची वार्तापत्रे, रमाबाईंचे लेखन आणि परदेशी सहकाऱ्यांची वृत्ते यांतून मिळते. ही साधने देणगीदारांना उद्देशून असल्याने कृतज्ञतेच्या व साफल्याच्या कथा त्यांत अधिक आहेत. दळणाऱ्या, धुणाऱ्या, खिळे जुळविणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची नावे त्यांत येत नाहीत. आपण करीत असलेले काम त्यांना उपासना वाटत होते की आश्रयाची अटळ किंमत, हे त्यांच्या शब्दांत सांगणारी साधने विरळ आहेत. उमा चक्रवर्ती, मीरा कोसंबी यांच्या संशोधनाने रमाबाईंना इतिहासात पुन्हा योग्य स्थान मिळवून दिले. त्याच न्यायाने या अनामिक स्त्रियांचाही विचार होणे आवश्यक आहे.

त्याग हा त्याग ठरण्यासाठी निवडीचे स्वातंत्र्य असावे लागते. रमाबाईंजवळ विद्वत्ता, कीर्ती आणि पर्याय होते. ते बाजूला ठेवून त्यांनी केडगावचा माळ निवडला. दुष्काळातून वाचलेल्या मुलीजवळ असे पर्याय नव्हते. म्हणून दोघींच्या श्रमाला एकाच शब्दाने गौरविणे ऐतिहासिक दृष्ट्या घाईचे होईल. मात्र संस्थेतच वाढून पुढे स्वेच्छेने रुग्णसेवा, अध्यापन किंवा मुद्रणाच्या कामात राहिलेल्या स्त्रियांच्या बाबतीत निवडीचा अंश नाकारणेही तितकेच चुकीचे ठरेल.

या पोकळीत लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मोलाचे ठरते. रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. मधल्या काळातील त्यांचे परिवर्तन सोवळे, पाणी आणि चूल यांच्याभोवती घडले. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या रोजच्या प्रश्नातून त्यांनी जातिभेदाचा त्याग केला. पुढील संसारात आल्यागेल्याचे आतिथ्य आणि अनाथ मुलांचा सांभाळ हेच त्यांच्या धर्माचे दृश्य रूप होते. पतीच्या उदारपणामुळे होणारी ओढाताण त्यांनी लपविली नाही, विनोदाने नोंदविली. त्यागमय जीवनाचा भार घरातील स्त्रीवर कसा पडतो, हे संस्थांच्या वार्तापत्रांत न सापडणारे सत्य येथे आढळते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, मुक्तिसदनात उपासना आणि श्रम या वेगळ्या गोष्टी राहिल्या नाहीत. विहीर, स्वयंपाकघर, रुग्णशय्या आणि छापखाना ही उपासनेची स्थाने झाली. दुसरा, या उपासनेतून जातिनिष्ठ शुचितेच्या कल्पनेला प्रत्यक्ष आचरणाने धक्का बसला. तिसरा, मूक उपासना ही परिणामशून्य किंवा सर्वस्वी खाजगी नसते, हे शारदा सदनाच्या वादाने दाखवून दिले. चौथा, अशा जीवनाचा गौरव करताना त्यातील निवड आणि अपरिहार्यता यांचा भेद इतिहासकाराने ध्यानी ठेवला पाहिजे.

रमाबाईंचे नाव आज पाठ्यपुस्तकांत आहे. त्यांच्या भाषांतराचे खिळे जुळविणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावे मात्र कोठेही नाहीत. त्यांचा शोध हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील अपुरे राहिलेले कार्य आहे.