शाहूवाडीचा माणूस आणि पेठेचा फुटबॉल

स्मरणिका समितीने ‘इतिहासावर काहीतरी लिही’ म्हटल्यावर तुम्हाला वाटले असेल, हा आता पावनखिंड लिहिणार. आपल्या तालुक्यात इतिहास म्हटला की विशाळगड, बाजीप्रभू आणि १६६० सालची आषाढातली ती रात्र. पण त्यावर आपल्या सरांनी वर्गात इतके जीव ओतून शिकवले आहे, की मी भर घालणे म्हणजे आगाऊपणा होईल. मी लिहितो आहे तो इतिहास शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाहिलेला आहे, आणि त्यात आपल्या वर्गातले दोघे जण सापडतात.

१९८९ च्या दहावीच्या तुकडीला आठवत असेल, आपल्या शाळेत फुटबॉल एकच होता. पी.टी.च्या सरांच्या कपाटात लेझीमच्या ढिगावर तो पडलेला असे. आतली ब्लॅडर फुटली की सर सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन लावून ती चिकटवत. मैदान जांभ्याचे आणि वर उताराचे. चेंडू एकदा खाली सुटला की थेट ओढ्यात. जो आणायला जाईल त्याची बाजू एकाने कमी, एवढाच आपला नियम. ऑफसाइड म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हते. सर, तुम्ही हे वाचत असाल तर रागावू नका, तुम्हालाही ठाऊक नव्हते. आपला खेळ कबड्डी आणि कुस्ती.

दहावीनंतर मी मलकापूरहून एसटीने कोल्हापूरला आलो आणि शिवाजी पेठेत मामाच्या घरी राहिलो. माझ्या बाकावरचा सोबतीही त्याच वर्षी आला. त्याला खोली मिळाली मंगळवार पेठेत. दोघांनीही घर स्वस्त आणि कॉलेज जवळ एवढेच पाहिले होते. पण त्याच दिवशी आम्ही कोणत्या संघाचे हेही ठरून गेले. मी शिवाजी तरुण मंडळाचा, तो पाटाकडीलचा.

बाहेरच्या माणसाला कोल्हापूरच्या संघांची नावे ऐकून नवल वाटते. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. फुटबॉलचा संघ आणि नाव तालमीचे! याचे मूळ कुस्तीत आहे. शाहू महाराजांनी मल्लविद्येला जो आश्रय दिला, त्यातून इथे कुस्तीचे वेड रुजले. १९०२ च्या परदेश दौऱ्यात त्यांनी रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि तसाच आखाडा आपल्याकडे हवा म्हणून खासबाग मैदान उभारले. पेठेपेठेतली तालीम ही नुसती जोर-बैठकांची जागा नव्हती. गणपती तालमीचा, मोहरमचा पंजा तालमीचा, शिवजयंतीची मिरवणूक तालमीची, आणि भांडण मिटवायचे तेही तालमीच्या कट्ट्यावर. फुटबॉल आला तो साहेबाबरोबर. पण इथे तो जिमखान्यात अडकला नाही, तालमीत शिरला. माझ्या मते कोल्हापूरच्या फुटबॉलचे सगळे बरे-वाईट यातच आहे. लाल मातीत रग जिरवणारी पोरे संध्याकाळी चेंडूमागे धावू लागली. एका चेंडूत बावीस जणांची सोय होते, हाही हिशेब असणारच.

१९४० साली, संस्थान असतानाच, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. तिला सगळे के.एस.ए. म्हणतात. वरिष्ठ गटाची लीग तीच भरवते. पाऊस सरला, थंडी पडली की हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत लीगमागून चषक चालू राहतात. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचे जे नाते, तेच इथे शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांचे. फरक एवढाच, की तिथे शहराची दोन टोके भांडतात आणि इथे हाकेच्या अंतरावरचे शेजारी. एकाची मावशी दुसऱ्याच्या पेठेत दिलेली असते. तीही सामन्याच्या दिवशी भाच्याला चहा विचारत नाही.

आता प्रतिस्पर्ध्यांबद्दल. शिवाजीचा माणूस म्हणून खरे सांगतो, पाटाकडीलचा राग येतो तो ते चांगले खेळतात म्हणून. दिलबहारची भीती वाटायची, कारण त्यांचा दिवस असला की कुणाचेच काही चालत नसे. बालगोपाल आणि प्रॅक्टिस क्लब यांच्याशी सामना म्हणजे घाम. खंडोबा आणि संध्यामठ तर आमच्याच पेठेतले, त्यामुळे तिथे हरलो तर घरच्या घरी टोमणे. फुलेवाडी पेठांच्या बाहेरचे. त्यांच्याबद्दल मला आतून माया वाटे, कारण मीही बाहेरचाच होतो.

पेठेतल्या पोराला संघ निवडावा लागत नाही, तो आजोबांकडून येतो. आम्ही शाहूवाडीचे. आमचे आजोबा भाताच्या खाचरात. म्हणून की काय, आम्ही पेठेतल्यांपेक्षा जास्त ओरडायचो. हलगी-घुमकं वाजायला लागले की मी पायरीवर उभा राही तो शेवटची शिट्टी होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पेपरात सामन्याची बातमी दोनदा वाचायची. एकदा खरी म्हणून, एकदा चुका काढायला.

कॉलेजात मात्र निराळीच गंमत होती. विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत आमच्या कॉलेजच्या एकाच जर्सीत दोन्ही पेठांची पोरे खेळत. रविवारी एकमेकांच्या नडग्या सोलणारे बुधवारी एकमेकांना पास देत. तेव्हा सोलापूरही शिवाजी विद्यापीठातच होते. आंतरविभागीय सामन्यांत सांगली, सातारा, सोलापूर समोर आले की मी आणि माझा सोबती एकाच बाजूला बसून एकाच घोषणेवर घसा बसवत असू. सगळे तसेच चालले असते तर बरे झाले असते.

१९९२ च्या हंगामातला एक सामना. कुठला, ते मुद्दाम लिहीत नाही. टायब्रेकरवर आम्ही हरलो. बाहेर पडताना गर्दीत धक्काबुक्की झाली, कुठून तरी दगड आला आणि माझ्या भुवईवर बसला. तो कुणी मारला मला माहीत नाही. पण समोर माझा सोबती गुलालाने माखलेला उभा होता, आणि मला बघून तो हसला. रक्त त्याला दिसले नव्हते, हे मला पुढे कळले. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, “तू खेड्यातला. भाड्याच्या खोलीत राहतोस. तुझी कसली रं पेठ?”

हे वाक्य मी त्याला म्हणालो, जो माझ्याच एसटीने आला होता. मामाकडे फुकट राहणारा मी, आणि पदरचे भाडे भरून शिकणारा तो. काही बोलला नाही. हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि निघून गेला. पुढे त्याच्या लग्नाची पत्रिका आमच्या गावी आली; मी गेलो नाही. शाळेत सहा वर्षे ज्याच्या डब्यातले खाल्ले, त्याच्याशी पंचवीस वर्षे बोललो नाही.

पुढे पेठांच्या संघांत आफ्रिकेतले खेळाडू आले, जर्सीवर प्रायोजकांची नावे आली, सामने मोबाइलवर दिसू लागले. हे सगळे झाले, पण स्टेडियमवरचे दगड काही पूर्ण थांबले नाहीत. चांगला खेळ बघायला आलेली कितीतरी म्हातारी माणसे त्यामुळे घरी बसली. मला याचे वाईट वाटते. आणि त्यावर बोलायचा माझा अधिकार किती, हेही मला कळते.

६ ऑक्टोबर २०१७. दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा सामना, भारत विरुद्ध अमेरिका. फिफाच्या स्पर्धेत भारत पहिल्यांदाच उतरला होता आणि संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पोरगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. त्यामुळे अमक्याच पेठेचा म्हणून कुणाला भांडता येत नव्हते. आपण ३-० हरलो. सामना संपायच्या आधीच फोन वाजला. नंबर अनोळखी.

“बघाय लागलायस न्हवं?” पलीकडून आवाज आला.

“बघतोय की.”

“आपलं पोरगं हाय.”

बराच वेळ दोघेही टीव्हीचा आवाज ऐकत राहिलो. मग त्याने विचारले, भुवईवरची खूण अजून आहे का. मी आहे म्हणालो. माफी मागायची होती, जमली नाही. तेवढ्यात अमेरिकेचा तिसरा गोल झाला आणि दोघांनीही एकच शिवी हासडली. गुरुजनांसाठी ती इथे लिहीत नाही.

स्नेहमेळाव्याच्या यादीत त्याचे नाव माझ्या वरच आहे, हजेरीपटात असायचे तसे. जे तेव्हा बोलायचे राहिले ते आधी इथे छापून देतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही: मित्रा, पेठ तुझी होती, चुकलो मी. थंडीत लीग सुरू होईल. दोन तिकिटे मी काढतो. कुठल्या बाजूला बसायचे ते तू ठरव; फक्त पाटाकडीलच्या गोलवर मी टाळ्या वाजवीन अशी अपेक्षा ठेवू नको.